उन्हाळी ते ‘कल्चर’ : एका निदानाचा प्रवास

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

मराठीत ‘उन्हाळी लागणे’ असा एक जुना शब्दप्रयोग आहे. लघवीला जळजळ होऊ लागली, थेंब थेंब होऊ लागली, जाऊन आल्यावर पुन्हा जावेसे वाटू लागले, की आपण म्हणतो, उन्हाळी लागली. या एका शब्दात रोगाचे कारणही आले आणि उपचारही आला. ऊन बाधले आहे, तेव्हा काही थंड घ्या. मग धने-जिऱ्याचे पाणी होते, सब्जा भिजत पडतो, माठात वाळ्याची जुडी जाते, शेजारची काकू बार्ली उकळून द्यायला सांगते.

आमच्या नाशिकसारख्या ठिकाणी या निदानाला हसण्याचे कारण नाही. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशीला टेकतो. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत, लासलगावच्या कांद्याच्या खळ्यांवर माणसे दिवसभर राबतात. घाम जातो, पाणी पोटात कमी जाते, लघवी दाट आणि गडद होते आणि मग ती जळजळते. अशा वेळी तांब्याभर पाणी हेच औषध असते.

पण नेमकी अशीच जळजळ दुसऱ्या एका कारणानेही होते, आणि ते कारण म्हणजे जंतू. तिथे धने-जिऱ्याचे पाणी पुरत नाही. दुर्लक्ष झाले तर जंतू मूत्राशयातून वर सरकत मूत्रपिंडापर्यंत पोचतात आणि थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर पाठीत कळ, उलट्या असे सगळे सुरू होते. वेळेवर उपचार न झाल्यास जिवावरही बेतू शकते. मी नाशिकमध्ये पॅथॉलॉजीची प्रयोगशाळा चालवते. समोर बसलेल्या बाईची ‘उन्हाळी’ नुसती उन्हाची की जंतूंची, हा प्रश्न माझ्यापुढे रोज येतो. त्याचे उत्तर शोधायला माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली आहेत. त्या शोधाची गोष्ट आज सांगायची आहे.

सुरुवात घरापासूनच करू. आपल्या आयुर्वेदाच्या ग्रंथांत ‘मूत्रकृच्छ्र’ म्हणजे कष्टाने होणारी लघवी, असा स्वतंत्र विकार सांगितला आहे आणि त्याचे आठ प्रकार मोजले आहेत. त्यांतल्या पित्तज प्रकारात लघवी पिवळी, रक्तमिश्रित, दाह आणि वेदना करणारी, वारंवार होणारी असते. आज एखाद्या रुग्णाने असे वर्णन केले तर कोणताही डॉक्टर प्रथम मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचाच विचार करील. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय तर शरीराचे वेग अडवू नयेत हे सांगण्यासाठीच आहे. लघवी रोखून धरली की ओटीपोटात शूळ उठतो, लघवीला कष्ट पडतात, डोके दुखते, असे त्यात म्हटले आहे. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे आपल्याला तो लागणार आहे.

महाराष्ट्रातल्या वैद्यांचा आवडता ग्रंथ म्हणजे ‘योगरत्नाकर’. सतराव्या शतकाच्या आसपासचा हा ग्रंथ कोणी लिहिला ते नाव त्यावर नाही. पुण्याच्या आनंदाश्रमाने तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापला. रोगी तपासण्याच्या आठ स्थानांत नाडी, मल, जीभ यांच्याबरोबर त्यात मूत्रपरीक्षाही आहे. पहाटेची लघवी घ्यावी, पहिली धार सोडून द्यावी, मधली धार काचेच्या स्वच्छ भांड्यात धरावी आणि तिच्यावर तेलाचा थेंब सोडून पाहावे, अशी तिची रीत आहे. थेंब पसरला तर रोग साध्य, तसाच राहिला तर कष्टसाध्य, बुडाला तर असाध्य.

तेलाच्या थेंबावरून आज कोणी जंतूंचे निदान करणार नाही. पण ‘पहाटेची लघवी, पहिली धार सोडून मधली, स्वच्छ भांड्यात’ ही सूचना वाचताना मी थबकले होते, कारण आमच्या प्रयोगशाळेत बाटली हातात देताना आम्ही शब्दशः हेच सांगतो. कारणे मात्र आमची वेगळी आहेत आणि ती कळायला विसावे शतक उजाडावे लागले.

युरोपातही मध्ययुगात वैद्याची खूण म्हणजे लघवी पाहण्याची फुगीर काचेची बाटली. रंगांची वर्तुळे आखलेली असत आणि बाटलीतला रंग त्यांच्याशी ताडून रोग ठरवला जाई. नोकराच्या हाती बाटली पाठवायची आणि वैद्याने रोग्याला न पाहताच निदान सांगायचे, इथपर्यंत हे थोतांड गेले. १६३७ मध्ये थॉमस ब्रायन नावाच्या इंग्रज वैद्याने या मूत्रज्योतिषांची खिल्ली उडवणारे पुस्तकच लिहिले. बाटली पाहा, पण बाटलीमागचा माणूसही पाहा, असा त्याचा आग्रह होता. पावणेचारशेहून अधिक वर्षे लोटली, तरी तो आग्रह शिळा झालेला नाही.

खरी क्रांती एकोणिसाव्या शतकात झाली. १८२७ मध्ये लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी लघवी तापवली की तिच्यातील प्रथिने साकळतात आणि ती मूत्रपिंडाच्या आजाराची खूण असते हे दाखवले. लघवीतले रहस्य रंगावर नव्हे, रसायनावर उकलू लागले. मग लुई पाश्चर यांनी दाखवले की निरोगी माणसाची लघवी निर्जंतुक भांड्यात बंद ठेवली तर ती नासत नाही. बाहेरून जंतू शिरले तरच नासते. १८८१ मध्ये मँचेस्टरच्या विल्यम रॉबर्ट्स यांनी ताज्या लघवीतच जंतू असू शकतात आणि अशा रुग्णांना मूत्राशयाचा त्रास असतो, असे नोंदवले.

पण हे जंतू कोणते? १८८५ मध्ये थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने तान्ह्या मुलांच्या शौचात एक काडीसारखा जंतू वर्णन केला. आपल्या सर्वांच्या आतड्यांत तो सुखाने नांदतो. याच एशेरिशने १८९४ मध्ये लहान मुलींच्या मूत्राशयाच्या दाहाला हाच जंतू कारण असल्याचे लिहिले. पुढे त्याच्या नावावरून जंतूला ‘एशेरिशिया कोलाय’, म्हणजे आपल्या रिपोर्टवर दिसणारा ‘ई. कोलाय’, हे नाव पडले. मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आजही याच्याच खात्यावर जमा होतात. म्हणजे चोर बाहेरचा नाही. तो घरातलाच आहे, फक्त एका खोलीतून दुसरीत गेला आहे. स्त्रियांची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर, पुरुषांची वीस सेंटिमीटरच्या आसपास. एवढ्या एका फरकामुळे हा आजार बायकांना कितीतरी अधिक होतो. जवळपास निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी तो गाठतो. त्यात चारित्र्याचा, स्वच्छतेच्या अभावाचा किंवा लाज वाटण्याचा काही संबंध नाही, हे घराघरांत मोठ्याने सांगायला हवे.

जंतू वाढवून पाहण्याची युक्ती आली ती एका स्वयंपाकघरातून. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत वाल्थर हेस नावाचे डॉक्टर काम करीत. जंतू वाढवायला वापरायचे जिलेटिन उन्हाळ्यात वितळून जाई. १८८१ मध्ये त्यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी सुचवले की मी जेलीत घालते ते अगार वापरून पाहा. अगार म्हणजे आपल्याकडच्या बायका पुडिंगात घालतात ते चायना ग्रास! तेव्हापासून आजतागायत जगभरच्या प्रयोगशाळांत जंतू त्याच्यावरच वाढवले जातात. १९०५ मध्ये आल्फ्रेड मॅकॉन्की यांनी त्यात पित्तक्षार, दुधातली साखर आणि एक रंगद्रव्य घालण्याची कृती प्रसिद्ध केली. या ताटलीवर ई. कोलायच्या वसाहती गुलाबी उमटतात. नाशिकच्या कोणत्याही मोठ्या प्रयोगशाळेत सकाळी गेलात तर अशा गुलाबी ठिपक्यांच्या ताटल्या रांगेने मांडलेल्या दिसतील. ‘कल्चर’ म्हणतात ते हेच.

आता एक अडचण उभी राहिली. ताटलीवर जंतू उगवले म्हणजे ते मूत्राशयातलेच कशावरून? लघवी बाहेर येताना त्वचेवरचे जंतू तिच्यात मिसळतातच. म्हणून खात्रीचा नमुना घ्यायला डॉक्टर नळी घालून लघवी काढीत. पण नळीबरोबरच जंतू आत ढकलले जात आणि तपासणीच आजाराला कारण होई. १९५८ मध्ये अमेरिकेतले नामवंत डॉक्टर पॉल बीसन यांनी या नळीविरुद्ध खटला मांडणारा अग्रलेखच लिहिला.

वाट काढली ती बॉस्टनच्या एडवर्ड कास यांनी. १९५६ च्या सुमारास त्यांनी शेकडो नमुन्यांतले जंतू चक्क मोजले. त्वचेवरून चुकून आलेले जंतू थोडे असतात. आतच वाढणारे जंतू प्रचंड संख्येने असतात. दोहोंमधली रेघ त्यांनी एक मिलिलिटरला एक लाख जंतू अशी आखली. या एका आकड्याने नळीची गरज बहुतांशी संपली. नीट घेतलेली मधल्या धारेची लघवी पुरेशी ठरली.

हा लाख कसा मोजतात ते ऐकण्यासारखे आहे. एका बारीक कडीने लघवीचा अगदी मोजून एक हजारांश मिलिलिटर भाग ताटलीवर पसरतात आणि ताटली रात्रभर शरीराच्या तापमानाला ठेवतात. एकेका जंतूपासून एकेक ठिपका उगवतो. शंभर ठिपके आले तर शंभर गुणिले हजार, म्हणजे एक लाख. हिशेब इतका साधा आहे.

आणि म्हणूनच बाटली किती वेळ कुठे पडली होती याला महत्त्व. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. दोन तासांत सहा वेळा दुप्पट, म्हणजे चौसष्टपट. नमुना घेताना त्यात त्वचेवरचे दोन हजार जंतू मिसळले असतील आणि बाटली पेठहून किंवा सुरगाण्याहून उन्हात तापलेल्या एसटीतून नाशिकला आली, तर दोन हजारांचे सव्वा लाख व्हायला वेळ लागत नाही. आजार नसलेल्या माणसाच्या कपाळी आजार लिहिला जातो. नमुना दोन तासांत पोचवावा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवावा, असे आम्ही सांगतो ते यासाठी.

कास यांच्या कामातून आणखी एक मोलाची गोष्ट हाती आली. काही गर्भवतींना जळजळ नसते, ताप नसतो, तरी लघवीत लाखांवर जंतू असतात. उपचार न केल्यास त्यांतल्या बऱ्याच जणींना पुढे मूत्रपिंडाचा दाह होतो आणि बाळालाही धोका पोचतो. म्हणून गरोदरपणात लघवीची तपासणी करतात ती केवळ साखर किंवा प्रथिने पाहायला नव्हे. ‘मला काही त्रास नाही, मग बाटली कशाला?’ असे म्हणणाऱ्या लेकी-सुनांना हे जरूर सांगावे.

पण लाखाच्या आकड्याची पुढे पोथी झाली. रिपोर्टवर लाखाखाली आकडा आला की ‘काही नाही’ असे समजून बायकांना परत पाठवले जाऊ लागले. १९८२ मध्ये सिएटलच्या वॉल्टर स्टॅम यांनी दाखवून दिले की जळजळीचा त्रास होत असलेल्या स्त्रीच्या लघवीत मिलिलिटरला शंभर ई. कोलाय असले तरी ते खऱ्या संसर्गाचे असू शकतात. उलट, वयस्कर माणसाला काहीही त्रास नसताना लाख जंतू निघाले तर बहुधा औषधाची गरज नसते. म्हणजे आकडा एकटा बोलत नाही. तो रुग्णाच्या बोलण्याबरोबर वाचावा लागतो.

अलीकडच्या संशोधनाने तर पाश्चरच्या काळापासूनचा एक समजही बदलला. २०१२ आणि २०१४ मध्ये शिकागोजवळच्या लोयोला विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की निरोगी मूत्राशयही पूर्णपणे निर्जंतुक नसते; तिथेही काही जंतूंची वस्ती असते. केवळ जंतू सापडले म्हणजे रोग झाला, असे समीकरण मांडता येत नाही.

मग झटपट तपासणीच्या पट्टीचे काय? तिचाही इतिहास गमतीचा आहे. पीटर ग्रीस हा रसायनशास्त्रज्ञ इंग्लंडमधल्या बिअरच्या कारखान्यात काम करी. नायट्राइट ओळखणारी त्याची रंगक्रिया १८७९ ची. लघवीतल्या नायट्रेटचे ई. कोलायसारखे जंतू नायट्राइट करतात, म्हणून पट्टीवरचा चौकोन गुलाबी होतो. पण या कामाला जंतूंना मूत्राशयात काही तास मिळावे लागतात. म्हणून पहाटेची लघवी उत्तम! योगरत्नाकराची सूचना इथे वेगळ्या वाटेने येऊन आपल्याला भेटते. शिवाय सगळेच जंतू हे रसायन करीत नाहीत. तेव्हा पट्टी कोरी राहिली तरी आजार नाहीच असे नसते.

आतापर्यंत मी बाटलीची गोष्ट सांगितली. बाईची गोष्ट राहिलीच. तपासणी कितीही सुधारली तरी बाईने तोंड उघडल्याशिवाय ती सुरू होत नाही. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या तेव्हा सेरामपूरच्या सभेत त्यांनी हेच सांगितले होते, की पुरुष डॉक्टरांपुढे आपल्या बायका बोलत नाहीत, म्हणून स्त्री डॉक्टर हव्यात. १८८६ मध्ये त्या पदवी घेऊन डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी मुंबईत केवळ स्त्रियांसाठी, स्त्री डॉक्टरांनी चालवलेले कामा हॉस्पिटल सुरू झाले. दुसऱ्याच वर्षी आनंदीबाई गेल्या.

त्यानंतर शंभर वर्षांनी काय स्थिती होती? डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. तो अभ्यास स्त्रीरोगांचा होता, नुसत्या मूत्रमार्गाचा नव्हे. पण दुखणे अंगावर काढण्याची आपली रीत किती खोल आहे हे त्याने जगाला दाखवले.

ही रीत मी आजही पाहते. बागेत कामाला जाणाऱ्या कितीतरी जणी सांगतात, ‘मॅडम, आडोसाच नसतो, म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही.’ पाणी प्यायचे नाही, लघवी रोखायची, म्हणजे जंतूंना मूत्राशयात मुक्कामाला जागा आणि वाढायला वेळ, दोन्ही आपणच द्यायचे. चरकसंहितेतला तो अध्याय इथे आठवतो. वेग अडवू नये हे खरे, पण ज्या बाजारात, ज्या बसस्थानकावर, ज्या शेतावर बाईला जायला जागाच नाही, तिथे तिने काय करावे? मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ या नावाने स्त्रियांनी स्वच्छ आणि विनामूल्य मुतारीची मागणी लावून धरली. काहींना ते नाव ऐकून हसू आले. मला मात्र त्यात आरोग्याची एक साधी मागणी दिसते.

शेवटी औषधांविषयी. १९३५ मध्ये सल्फा औषधे आली, १९५३ मध्ये नायट्रोफ्युरॅन्टॉइन आले, १९५४ मध्ये आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कंपनी स्थापन झाली. औषध स्वस्त झाले, गल्लीच्या तोंडाशी मिळू लागले. तपासणी मात्र मागेच राहिली. जळजळ झाली की दुकानात जायचे, ‘उन्हाळीची गोळी द्या’ म्हणायचे, दोन दिवस घ्यायची, बरे वाटले की सोडायची. आधी गोळी पोटात गेली की ताटलीवर जंतू उगवत नाहीत आणि खरे निदान हातचे जाते. अर्धवट मारलेल्या जंतूंतले चिवट तेवढे मागे राहतात.

याची किंमत किती मोठी असते ते २००८ मध्ये दिसले. स्वीडनमध्ये भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीत असा जंतू सापडला की ज्याच्यावर राखीव ठेवलेली प्रबळ अँटिबायोटिक्सही चालेनात. रुग्ण आधी दिल्लीत उपचार घेऊन गेला होता, म्हणून त्या जंतूतल्या घटकाच्या नावात दिल्ली आली आणि त्यावरून २०१० मध्ये मोठा वाद झाला. नावाचा वाद बाजूला ठेवू. पण जगाला धडकी भरवणारी ती गोष्ट सापडली होती लघवीच्या एका बाटलीत. १ मार्च २०१४ पासून काही अँटिबायोटिक्सच्या विक्रीची नोंद ठेवणे औषध दुकानांना बंधनकारक झाले. २०१६ मध्ये सरकारने लाल रेघेची मोहीम काढली. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ दिसली की ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ.

मग उन्हाळी लागली तर करायचे काय? पाणी भरपूर प्या, धने-जिऱ्याचे पाणीही खुशाल घ्या. एक-दोन दिवसांत थांबले नाही, तर डॉक्टरांकडे जा. ताप, थंडी, पाठीत कळ, उलटी किंवा लघवीत रक्त असेल, किंवा रुग्ण गरोदर स्त्री, लहान मूल, मधुमेही किंवा पुरुष असेल, तर एक दिवसही थांबू नका. लहान मुलाला कधी नुसताच ताप येतो, बाकी काही नसते. तेव्हाही लघवी तपासावी लागते. डॉक्टरांनी कल्चर सांगितले तर पहिली गोळी घेण्याआधी नमुना द्या, आणि आधी कोणती गोळी घेतली असेल तर ती लपवू नका. औषध दिले तर सांगितलेले दिवस पुरे करा.

नाशिकजवळ म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाखाली आयुर्वेदाचे आणि आधुनिक वैद्यकाचे, दोन्ही विद्यार्थी परीक्षा देतात. एकाच्या पुस्तकात मूत्रकृच्छ्र असते, दुसऱ्याच्या पुस्तकात एक लाखाचा आकडा. दोघेही उद्या एखाद्या तालुक्याच्या गावी बसतील. समोर एखादी बाई खाली मान घालून हळूच म्हणेल, ‘थोडी उन्हाळी लागलीये.’ तेव्हा त्या दोघांनीही तिला नीट विचारावे, तिचे पूर्ण ऐकून घ्यावे आणि मग बाटली तिच्या हाती द्यावी.